अपिलाचं चौथं पान

बुधवारी साडेदहाच्या सुमारास ते बोडीकडे, म्हणजे गावच्या लहान तळ्याकडे गेले. मी टेबलाशी बसून त्यांच्या अपिलाचं चौथं पान लिहीत होते. अकरा वाजता शेजारचा माणूस धावत आला. ते बोडीच्या पाळीवर बसले होते आणि उठत नव्हते. आम्ही त्यांना पवनीच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. तीन वाजता आम्ही त्यांना घेऊन परत आलो. पान टेबलावर होतं. पेनाला झाकण नव्हतं.

ते म्हणजे माझे पती. पायदळात चोवीस वर्षं होते, हवालदार म्हणून बाहेर पडले. त्यानंतर आम्ही दोघं पवनीजवळच्या त्यांच्या गावात राहिलो. आम्हाला मूल नाही. मी पवनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. ते नोकरीवर असताना मी पवनीत खोली घेऊन राहायची आणि रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत गावी यायची, कारण ते रजेवर तेव्हाच येत. आमचं लग्न बरंचसं पत्रांत आणि चिखलात झालं असं ते म्हणायचे.

सैन्यातून बाहेर पडताना प्रत्येकाची वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. शरीरात काय बिघडलं आहे, किती टक्के बिघडलं आहे, आणि ते नोकरीमुळे बिघडलं की आपलं आपण, हे डॉक्टर मिळून कागदावर लिहितात. त्यांच्या कागदावर दोन गोष्टी होत्या, उजवा गुडघा आणि कमरेजवळचा मणका. टक्केवारी दोन्हींची मिळून वीसच्या आत, म्हणजे त्यावर काही मिळण्यासारखं नव्हतं. आणि दोन्हींच्या पुढे एकच वाक्य होतं. सेवेमुळे उद्भवलेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही.

टक्क्यांचं त्यांना काही वाटलं नाही. त्या वाक्याचं वाटलं. कागद हातात धरून ते अंगणात बराच वेळ उभे राहिले.

"टक्के कमी देल्ले तं देऊ दे," ते म्हणाले. "पन हे काय लिवलं? नौकरीनं नाही झालं म्हनते. मंग कायनं झालं? घरी खाटेवर पडून झालं का?"

आमच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक बाद करताना एका रकान्यात कारण लिहावं लागतं. 'वापरून जीर्ण' किंवा 'वाळवीने'. दोन्ही पुस्तकं शेवटी एकाच गठ्ठ्यात जातात, तरी तो रकाना मी कधी घाईने भरलेला नाही. हे मी त्यांना समजूत घालण्यासाठी सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तेच तं. मले वाळवी लागली म्हनून लिवलं त्याईनं."

गुडघ्याचं काय झालं होतं ते मला माहीत होतं, कारण लग्नाच्या पाचव्या वर्षी त्यांनीच एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा कधी बोलले नव्हते. डोंगराळ भागातली एक चौकी होती. तिथवर सामान पाठीवरून चढवावं लागे. नाकाडोंगरीचा एक सोबती त्यांच्याच तुकडीत होता. भरती एका दिवसाची आणि जिल्हाही एकच, त्यामुळे दोघं भावासारखे. त्या दिवशी सोबत्याला ताप होता. त्याच्या वाट्याचा बॅटरीचा खोकासुद्धा यांनी आपल्या पाठीवर घेतला. ओल्या खडकावरून पाय सरकला, गुडघा वळला आणि दोन्ही खोके पाठीवर आले. तिथेच दवाखान्यात नाव नोंदवलं असतं तर सगळं कागदावर आलं असतं. पण पुढच्या महिन्यात बढतीचा कोर्स होता, आणि वैद्यकीय श्रेणी खाली आली की बढती अडते. त्यांनी गुडघ्याला पट्टी बांधली आणि दहा दिवस न लंगडता चालण्याची सवय केली. सोबत्याला बोलू नकोस म्हणून सांगितलं. त्यानंतर दरवर्षीच्या तपासणीत त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ठीक है साहब."

त्यामुळे दुखणं शरीरात होतं आणि कागदांत कुठेच नव्हतं.

त्या मंडळाआधी प्रत्येकाला आपलं निवेदन लिहून द्यावं लागतं. ते शेवटच्या रजेवर आले तेव्हा तो फॉर्म घेऊन आले. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं.

"लिही," ते म्हणाले. "गुडघा दुखते. पाठ दुखते. वजन उचलून झालं. बस."

"एवढंच?"

"मंग काय महाभारत लिवतं?"

मला ते फार उघडं वाटलं. आमच्याकडे अर्ज लिहिण्याची एक रीत आहे, मागणं शेवटी येतं. आधी माणूस कोण ते सांगायचं. कुठल्या घरचा, किती कष्टाळू, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. तलाठ्याकडचा अर्ज असो की शाळेतला, पहिली चार वाक्यं माणसाची असतात. आणि आमच्या भागात फौजीचं चांगलेपण एकाच गोष्टीवरून मोजतात. तो रजा रोवण्याला घेतो का, आणि आला की बांधीत उतरतो का? धानाची चिखल केलेली बांधी, तिच्यात बूट काढून उतरलेला फौजी दिसला, की गाव म्हणतं, पोरगा बिघडला नाही. न उतरणाऱ्याबद्दल पारावर वर्षभर बोलतात.

म्हणून मी एक वाक्य घातलं. हिंदीत लिहिलं होतं, इथे मराठीत देते. 'दरवर्षी रजेवर आल्यावर मी गुडघाभर चिखलात, स्वतःच्या हातांनी, घरच्या बांध्यांत रोवणा करत आलो आहे. मातीची सेवा आणि देशाची सेवा मला कधी वेगळी वाटली नाही.'

मी ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः एकदा वाचलं, ओठ हलवत, आणि खाली सही केली.

"मस्त झालं," ते म्हणाले. "साहेब लोक वाचतच राहतीन."

मंडळाचा कागद आल्यावर आम्ही पहिलं अपील केलं. त्याचं उत्तर यायला वर्ष लागलं. उत्तर इंग्रजीत होतं. मला अर्थ लागत होता, पण खात्री करायला आम्ही भंडाऱ्याला गेलो. माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या कार्यालयात एक कारकून होता, तोही फौजेतून आलेला. आमचं पहिलं अपील त्यानेच तपासून दिलं होतं. तो यांना हवालदार साहेब म्हणे आणि मला मॅडम. त्याने कागद वाचला, मागच्या फायलीतून निवेदनाची प्रत काढली आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"हे कोनं लिवलं?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"अक्षर लय मस्त आहे, मॅडम." त्याने एका ओळीखाली बोट ठेवलं. "पन गुडघा दुखते म्हनाच्या कागदात गुडघाभर चिखल कायले आनला?"

हे हसले. मी हसू शकले नाही. उत्तरात लिहिलं होतं की अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार तो दरवर्षी रजेत वाकून करायचं शेतीकाम करत आला आहे. गुडघ्याचा आणि पाठीचा त्रास त्या कामाशी आणि वयाशी जुळतो. माझ्या वाक्याचा इंग्रजी अनुवाद अवतरणात दिलेला होता. अनुवाद चांगला होता. कोणीतरी काळजीने केला होता.

कारकुनाने सांगितलं की दुसरं अपील करता येतं, पण नवीन काहीतरी पाहिजे. पाहिलेला साक्षीदार, नाहीतर या ओळीचं उत्तर. "लिवलेलं मागं घेता येत नाही मॅडम. त्याच्यावर दुसरं लिवता येते फक्त."

परत येताना एसटीत बसायला जागा होती तरी ते उभे राहिले. बसलं की उठणं अवघड जायचं. अर्ध्या वाटेत वाकून, म्हणजे वाकता येईल तेवढं वाकून, माझ्या कानाशी म्हणाले, "नोको मनावर घेऊ. वाक्य मस्तच होतं."

ते वाक्य खोटं होतं. हे मी आता सरळ लिहिते, कारण तेव्हा सरळ लिहिलं नाही.

पहिली काही वर्षं ते खरंच रोवायचे. नंतर नाही. पडल्यानंतरच्या पहिल्याच रजेत ते बांधीत उतरले, एक ओळ वाकून रोवली आणि धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर येऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी ते धुऱ्यावरूनच काम करू लागले. उपटून आणलेल्या परह्यांच्या जुड्या, म्हणजे रोपांच्या मुठी, ते वरून बांधीत फेकायचे. नेम छान होता. जुडी बरोबर बाईच्या हाताशी पडायची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना चिखल लागलेला, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला फौजी रोवण्यात दिसायचा. वाकत मात्र ते नव्हते. त्यांच्या वाट्याची ओळ मी रोवायची. मला सवय नव्हती, माझ्या ओळी वाकड्या यायच्या.

रोवणाऱ्या बायांच्या पुढे असायची ती बाई आमच्याच गावची, तोंडाने फटकळ. दरवर्षी एकदा तरी ती मान वर करून ओरडायची.

"ओ फौजीभाऊ, वाका ना जराक! कंबरेत बंदूक अडकली का?"

"फौजी वाकत नाही, बाई," हे वरून म्हणायचे. "ऑर्डर नाही."

"मंग बायकोले ऑर्डर देल्ली का? पाहा तिची ओळ, नागीन चालल्यावानी चालली!"

सगळ्या बाया हसायच्या, हेही हसायचे आणि पुढची जुडी मुद्दाम तिच्या अंगावर चिखल उडेल अशी फेकायचे. घरी आल्यावर ते दाराजवळच्या भिंतीला उजवा हात लावून पाटावर बसायचे आणि उठताना पुन्हा तिथेच हात लावायचे. भिंतीवर पंजाएवढी जागा काळपट झाली. त्यावर मी काही बोलायची नाही. तेही बोलायचे नाहीत.

निवेदन लिहिताना हे सगळं मला माहीत होतं. आपण खोटं लिहितो आहोत असं मात्र मला वाटलं नाही. मला वाक्य लिहायचं होतं. 'गुडघाभर चिखलात' इथवर आल्यावर ते आपोआप पुढे गेलं आणि मी त्याच्यामागे गेले. आयुष्यभर चांगली वाक्यं वाचल्याचा असाही परिणाम होतो.

दुसऱ्या अपिलाची तीन पानं मी लगेच लिहिली. नोकरीचे तपशील, डॉक्टरांचे कागद, कायद्यातली कलमं. चौथ्या पानावर त्या ओळीचं उत्तर यायला हवं होतं.

"यात खरं लिहू," मी म्हटलं. ते ओट्यावर खुर्चीत बसून वाल सोलत होते.

"काय खरं?"

"की तुम्ही वाकत नव्हता. ते वाक्य मी माझ्या मनाने घातलं. तुम्ही धुऱ्यावर उभे असायचे."

ते सोलत राहिले. "अन् तो कागद गावात फिरला तं?"

"अपिलाचा कागद गावात कशाला येईल?"

"पोस्टमन गावचाच आहे ना."

"तो काय पाकीट फोडतो?"

"फोडत नाही वो. पन मले मालूम राहीन ना, का आत काय आहे." मग म्हणाले, "तेरा-चौदा वर्षं उभा राहिलो मी तिथं. अन् आता तू लिहून देशीन का हा नुसता उभा राहत होता."

"मग त्या सोबत्याचं नाव देऊ. त्याने पडताना पाहिलंय."

"नाही." हे त्यांनी फार पटकन म्हटलं. "त्याचं नाव घेतलं का खोका कोनाचा होता ते येते. ताप होता त्याले. फौजेत दुसऱ्यानं वजन उचललं हे कागदावर येत नसते."

"मग काय लिहू?"

"तीनच पानं राहू दे."

"तीन पानांवर नाही होणार. तुम्हाला ते वाक्य बदललेलं पाहिजे ना?"

त्यांनी वालाची परडी माझ्याकडे सरकवली. "पाहिजे. पन मी असेपर्यंत हे नाही. मंग लिहिजो."

"मग म्हणजे?"

"मंग म्हंजे मंग," ते म्हणाले, आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

मी दोन महिने थांबले. अपिलाची मुदत संपत आली होती. त्या बुधवारी मला सुटी होती. सकाळी चहा झाल्यावर मी टेबलाशी बसले आणि त्यांना न सांगता चौथं पान माझ्या नावाने सुरू केलं. ठरवलं होतं की लिहून पाकिटात घालायचं आणि पवनीच्या पोस्टातून पाठवायचं, म्हणजे गावच्या पोस्टमनचा प्रश्न नको. ते बाहेर जाताना दारात थांबले.

"काय लिहून राहिली?"

"कॉलेजचं काम आहे."

"लिही," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावून चपला घातल्या.

एवढंच बोलणं झालं. पानावर तेव्हा पाच ओळी होत्या. शेवटची होती, 'माझे पती गेली अनेक वर्षं कमरेतून वाकू शकत नाहीत.' 'मंग लिहिजो' असं त्यांनी सांगितलं होतं आणि मी तासभर आधी सुरुवात केली होती. माणसाला याचा हिशेब कोणी मागत नाही. मी मात्र त्यानंतर अनेक दिवस घड्याळाकडे पाहिलं की साडेनऊ ते साडेदहा हा तास मोजायची.

पंधराव्या दिवशी ती रोवणारी बाई भेटायला आली. आधीही आली होती, पण गर्दीत. या वेळी एकटी आली, ओट्यावर बसली आणि इकडचं तिकडचं बोलली. मला कोणाला तरी सांगायचं होतं. मी तिला सांगितलं की यांच्या पाठीबद्दल मला सरकारला लिहायचं आहे, ते वाकत नव्हते असं, आणि त्यांना गावाला ते कळू द्यायचं नव्हतं.

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"आमाले मालूम होतं ना वो बाई," ती म्हणाली. "साऱ्या गावाले मालूम होतं."

"कधीपासून?"

"पयल्याच साली. मानूस बांधीत उतरला अन् एक ओळ रोवून वर गेला, थे का दिसत नाही? आमी का आंधळ्या हाओ?"

"मग तुम्ही दरवर्षी थट्टा का करायच्या?"

"मंग का चूप राहाव?" तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. "चूप राहिलो असतो तं त्याईले समजलं असतं, का आमाले समजलं. थट्टा केली का मानूस बोलते, हासते. उभं राहाले बहाना भेटते." मग तिने पदराने तोंड पुसलं. "तुझी ओळ मातर खरंच वाकडी राहे."

मी तिला विचारलं, एवढंच लिहून दिलं तर सही करशील का? ती म्हणाली, "करीन ना. अन् आंगठ्याची शाई नोको आनू, सही येते मले."

त्याच आठवड्यात नाकाडोंगरीचा सोबती आला. तुमसरला आणि भंडाऱ्याला एसटी बदलत, दिवसभराचा प्रवास करून. अंत्यविधीला त्याला पोचता आलं नव्हतं. उंच, जड माणूस, आता एका खाणीवर पहारेकरी आहे. फोटोपुढे सावधान उभा राहिला, मग बाहेर येऊन खुर्चीत बसला, त्यांच्याच खुर्चीत, आणि ते माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

टेबलावरची फाईल त्याने पाहिली. अपिलाबद्दल त्याला माहीत होतं.

"वहिनी, एक विचारू का? साक्षीदार म्हनून माझं नाव काहून नाही देल्लं त्यानं?"

मी सांगितलं. खोका कोणाचा होता ते कागदावर यायला नको म्हणून.

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "येडा होता. खोका माझाच होता. मले ताप होता, मी म्हटलं, थांब, बसून घेऊ जराक. तर म्हने, आन इकडे, तू मरशीन अन् मले तुयाच गावी सांगाले जा लागीन, नाकाडोंगरीले बस नाही भेटत." हे बोलताना तो हसला आणि मग त्याला थांबता आलं नाही. "मी वाट पाहून राहिलो होतो वहिनी. का तो मले कधी तरी विचारीन. मले वाटे, त्याच्या मनात राग आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो. न्यायालयासमोर शपथपत्र टंकून देणारे बसतात, त्यांतल्या एकाकडे गेलो. सोबती सांगत होता, तो टंकत होता. पहिलंच वाक्य होतं, खोका माझा होता.

"खोका कोनाचा होता त्याच्याशी काय मतलब?" टंकणारा म्हणाला. "पडला ते लिवा."

"लिव," सोबती म्हणाला. "तेच तं आहे."

त्याने खडक, पाय सरकणं, रात्रभरात सुजलेला गुडघा, पट्टी, सगळं सांगितलं. पाठीबद्दल त्याला सांगता आलं नाही. "पाठ तो दाखवे नाही कोनाले," तो म्हणाला.

कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं की पत्नी म्हणून मला अपील पुढे चालवता येईल. मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. मी घरी येऊन चौथं पान पूर्ण केलं. ते वाक्य माझं होतं, माझ्या पतीचं नव्हतं, असं लिहिलं. धुरा, जुड्या, माझी वाकडी ओळ लिहिली. बाईच्या सहीचा कागद जोडला. आधीच्या पाच ओळी खोडल्या नाहीत. पाचव्या ओळीत ते अजून आहेत आणि सहाव्या ओळीत नाहीत. कारकून म्हणाला, "मॅडम, हे पान फेअर करून टाका." मी तसंच ठेवलं. या वेळी एकही वाक्य मी दुसऱ्यांदा वाचून पाहिलं नाही.

पाकीट गावच्या पोस्टमनकडेच दिलं.

उत्तर पुढच्या वर्षी रोवणा संपता संपता आलं. गुडघ्याबद्दल लिहिलं आहे की प्रत्यक्षदर्शी सोबत्याच्या शपथपत्रावरून दुखापत सेवेत कर्तव्यावर असताना झाली हे मान्य करण्यात येत आहे. पाठीबद्दल लिहिलं आहे की पत्नीचं आताचं म्हणणं अर्जदाराच्या पूर्वीच्या सहीच्या निवेदनाशी विसंगत असल्याने ग्राह्य धरता येत नाही. मूळ मत कायम. टक्केवारी बदललेली नाही, त्यामुळे बाकी काही बदलत नाही.

मी ते सोबत्याला फोनवर वाचून दाखवलं. 'कर्तव्यावर असताना' हे त्याने पुन्हा वाचायला लावलं. बाईला मी बांधीवर जाऊन सांगितलं. ती चिखलातूनच म्हणाली, "गुडघ्याचं झालं ना? मंग पाठीचं काहून नाही? पाठ का दुसऱ्याची होती?" मी तिला सांगितलं की पाठीचं माझ्या लिहिण्यामुळे अडलं. तिने मान खाली घातली आणि रोवत राहिली, आणि जरा वेळाने म्हणाली, "ये उतर. एक ओळ कमी आहे." मी उतरले.

कारकून म्हणतो, न्यायाधिकरणाकडे जाता येईल. मी अजून ठरवलेलं नाही. तिथेही तीच दोन पानं शेजारी ठेवली जातील, आणि दोन्हींवर अक्षर माझं आहे.

गुडघा नोकरीत गेला असा कागद घरात आहे. पाठीचा नाही.